ताबा माझ्याकडे, मग परवानगी कशाला?

प्रश्न : नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयात तीन वर्षांपूर्वी आमचा परस्परसंमतीने घटस्फोट झाला. आठ वर्षांच्या मुलाचा ताबा माझ्याकडे आहे. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी तो वडिलांकडे जातो. मे महिन्यात त्याला पाच आठवडे कॅनडाला माझ्या भावाकडे न्यायचं आहे, पण त्याच्या पासपोर्टची मुदत संपली आहे. वडिलांना दोनदा व्हॉट्सॲप केलं. निळ्या खुणा दिसतात, उत्तर नाही. त्यांची संमती लागते का? (एक आई, प्रतापनगर)

ताई, आधी कपाटातून निकालपत्र आणि त्याला जोडलेल्या कन्सेंट टर्म्स, म्हणजे तुम्ही दोघांनी सही केलेल्या संमतीच्या अटी, काढा. सही करायच्या घाईत एक ओळ बहुतेकांच्या नजरेतून सुटते : ‘न्यायालयाच्या परवानगीशिवाय मुलाला भारताबाहेर नेणार नाही.’ ती असेल तर परवानगी घ्यावीच लागेल, नाहीतर न्यायालयाचा अवमान अंगावर येऊ शकतो. नसेल तर? तरीही परवानगी घ्या. पाच आठवड्यांत वडिलांचे दोन-तीन शनिवार बुडतात, आणि ते शनिवार त्यांना त्याच निकालपत्राने दिलेले आहेत.

ताबा म्हणजे मूल कुणाजवळ राहणार, एवढंच. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, १९५६ च्या कलम ६ प्रमाणे वडील नैसर्गिक पालक आहेत. मुलाचा ताबा गेला म्हणून त्यांचं पालकत्व संपत नाही. निळ्या खुणा म्हणजे संमती नव्हे, हेही मनाशी पक्कं करा.

ते गप्प का, याचा थोडा विचार करा. पालकांपैकी एकाने मुलाला परस्पर परदेशी नेलं तर परत आणण्यासाठी १९८० चा हेग करार आहे. कॅनडा त्यात आहे, भारत नाही. उद्या तुम्ही तिकडेच राहिलात तर या बापाला त्या कराराचा आधार मिळणार नाही. अशा वडिलांना अडेलतट्टू म्हणणं सोपं आहे, पण त्यांची भीती खोटी नाही आणि न्यायाधीशही ती गांभीर्याने घेतात. म्हणून तुमच्या अर्जाचं काम एकच : मूल परत येणार, हे कागदाने दाखवणं.

माझ्याकडच्या एका प्रकरणात वडील तारखेला हाताची घडी घालून बसले होते. परतीचं तिकीट दाखवलं, ढिम्म. मग शाळेचं पत्र पुढे ठेवलं. आपल्या विदर्भात उन्हामुळे शाळा जूनअखेर उघडतात, आणि पत्रात शाळा उघडण्याचा दिवस व भरलेली फी दोन्ही होतं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, ‘रोज बोलू देईल ना?’ विरोध तिथंच संपला.

ज्या न्यायालयाने निकाल दिला तिथेच हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली अर्ज करा. परतीची तिकिटं, भावाचा पत्ता आणि शाळेचं पत्र जोडा, मुलाला परत आणण्याची लेखी हमी द्या. बुडणाऱ्या शनिवारांच्या बदल्यात जूनमधले सलग काही दिवस आणि तिकडून ठरलेल्या वेळी व्हिडिओ कॉल, हे स्वतःहून लिहा. कोर्टाने सांगण्याआधी तुम्ही दिलं की फरक पडतो. काही वेळा न्यायालय हमी म्हणून रक्कमही ठेवायला लावतं, तयारी असू द्या.

मुलाच्या पासपोर्टच्या अर्जासोबत पालकांच्या घोषणेचा नमुना, म्हणजे परिशिष्ट, द्यावा लागतो. दोघांची सही असेल तर परिशिष्ट डी. वडील सही देत नसतील तर परिशिष्ट सी भरा, सोबत ताब्याचा आदेश लावा. दोन्ही साध्या कागदावर स्वघोषणा म्हणून चालतात. २०१६ च्या अखेरीपासून नोटरी लागत नाही. घटस्फोट आणि वडिलांच्या भेटीचा आदेश लपवू नका. खोटी माहिती देऊन काढलेला पासपोर्ट जप्त होऊ शकतो.

न्यायालयाचा आदेश मिळाला की त्याची प्रमाणित प्रत पासपोर्टसोबत हातातल्या बॅगेत ठेवा. एका पालकासोबत आलेल्या मुलासाठी दुसऱ्या पालकाचं पत्र किंवा ताब्याचे कागद जवळ असावेत, असं कॅनडा सरकार सांगतं.

मे महिन्यात कोर्टाला उन्हाळी सुटी असते आणि नोटीस बजावण्यातच आठवडे जातात. अर्ज फेब्रुवारीत पडलाच पाहिजे. त्याआधी वडिलांना तारखा आणि पत्त्यासह स्पीड पोस्टाने एक पत्र पाठवा, पोचपावती अर्जाला जोडा. आणि लेकराला ‘बाबांना सांगू नको’ असं म्हणू नका. न्यायाधीश त्याच्याशी चेंबरमध्ये एकट्याने बोलू शकतात, आणि आठ वर्षांचं पोर जे असेल ते सांगून टाकतं.