पेजेबरोबर ‘ड’ची कॅप्सूल चालते का?

प्रश्न : सासूबाईंना डॉक्टरांनी ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची कॅप्सूल आठवड्यातून एकदा दिली आहे. दर रविवारी दहाच्या पेजेबरोबर त्या ती घेतात. आठ आठवडे झाले, तरी तपासणीत आकडा फारसा हललेला नाही. कॅप्सूल बदलावी का? (वाचक, फोंडा)

उत्तर : कॅप्सूल नको, आधी वेळ बदला. ड पाण्यात विरघळत नाही, तेला-तुपात विरघळते. जेवणातून स्निग्ध पदार्थ आतड्यात उतरला की पित्ताशय आकसते आणि पित्त सोडते. त्या पित्तामुळे तेलाचे अगदी बारीक कण होतात आणि त्यांच्यात बसूनच ड आतड्याच्या भिंतीपर्यंत पोचते. पेजेत तेल नावालाही नसते, लोणच्याच्या फोडीला लागलेले असेल तेवढेच. तीच कॅप्सूल दुपारी नारळ वाटून केलेल्या हुमणाबरोबर किंवा खतखत्याबरोबर द्या. मूठभर, म्हणजे साधारण ३० ग्रॅम ओल्या खोबऱ्यात १० ग्रॅमच्या आसपास स्निग्धांश असतो. तेवढा पुरतो, वरून चमचाभर तूप नको.

पेज मात्र बंद करू नका. उकड्या तांदळाचे भात तुसासकट उकडताना कोंड्यातले ब-१ दाण्यात मुरते, आणि पेजेचे पाणी पोटातच जाते. भात वेळून पाणी टाकणाऱ्या घरांत ते मोरीत जाते.

आकडा लवकर वाढावा म्हणून ही कॅप्सूल रोज देण्याची चूक कृपा करून करू नका. चार कॅप्सूलची पट्टी चार आठवड्यांची, चार दिवसांची नव्हे. अतिरेक झाला की रक्तातले कॅल्शियम चढते. सारखी तहान, मळमळ, बद्धकोष्ठता, वारंवार लघवी ही त्याची लक्षणे, आणि पुढे मूत्रपिंडांना इजा होते. जेवणाबरोबर घेऊनही आकडा हलला नाही, तर पित्ताचा किंवा आतड्याचा विकार आहे का, ते डॉक्टरांना पाहू द्या.

प्रश्न : बी-कॉम्प्लेक्स घेतले की लघवी पिवळीजर्द होते. गोळी वाया जाते का? (वाचक, डिचोली)

उत्तर : तो रंग ब-२चा. गोळी विरघळली, रक्तात गेली आणि गरजेपेक्षा जास्तीचे मूत्रपिंडांनी बाहेर टाकले, एवढाच त्याचा अर्थ. गोळी थांबवून दोन दिवसांनंतरही रंग तसाच राहिला किंवा डोळे पिवळे दिसले, तर काविळीची तपासणी करा.

प्रश्न : वय ५८. घरात रोज मासळी, तरी ब-१२ कमी निघाले. नऊ वर्षे मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी घेतो, शिवाय रोज सकाळी ॲसिडिटीची गोळी. (वाचक, म्हापसा)

उत्तर : बांगडा, तारले, तिसऱ्यो यांत ब-१२ भरपूर असते, पण ते प्रथिनांना चिकटलेले. ते सुटायला जठरात आम्ल लागते, आणि तुमची सकाळची गोळी नेमके तेच कमी करते. सुटलेले ब-१२ जठरातच तयार होणाऱ्या एका खास प्रथिनाला जोडले जाते आणि लहान आतड्याच्या अगदी शेवटच्या भागात शोषले जाते. तिथे मेटफॉर्मिन आड येते. यकृतातला साठा काही वर्षे पुरतो, म्हणून कमतरता इतकी उशिरा दिसली.

या वाटेने एका वेळी फार तर दीड-दोन मायक्रोग्रॅम आत जाते. म्हणून सगळी मासळी एका ताटात घेण्यापेक्षा दुपारी आणि रात्री थोडी थोडी घ्या. तुमच्या बाबतीत मात्र एवढ्याने भागणार नाही. गोळीतले ब-१२ मोकळे असते, त्याला आम्ल लागत नाही. शिवाय मोठ्या मात्रेतले सुमारे एक टक्का त्या प्रथिनाविनाही झिरपते, म्हणजे १,००० मायक्रोग्रॅमच्या गोळीतून दहाएक. गोळी पुरेल की इंजेक्शन लागेल, हे डॉक्टरांनाच विचारा. ॲसिडिटीची गोळी अजून लागते का, हेही विचारा. मेटफॉर्मिन स्वतःहून थांबवू नका. पायाला मुंग्या येत असतील तर भेट लांबवू नका, आणि तोवर नुसते फॉलिक ॲसिड घेऊ नका : त्याने हिमोग्लोबिन सुधारलेले दिसते, पण आत नसांची हानी चालूच राहते.