माइक हातात घेण्याआधी

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद. न्यू जर्सीतल्या गॅरेज सेलमध्ये मिळालेल्या सीबी (सिटिझन्स बँड) रेडिओचा, म्हणजे सामान्य माणसांनी गाडीतून एकमेकांशी बोलायच्या सेटचा, फोटो पाहिला. गोल चॅनेल-नॉब, लाल आकडे, सुईचा मीटर, माइकची वेटोळ्यांची वायर, सगळं जागच्या जागी आहे. सेट ४० चॅनेलचा आहे, म्हणजे १९७७ किंवा त्यानंतरचा. त्याआधी २३ चॅनेल असत. चालू करून बघायची घाई तुला झाली असणार, म्हणून पहिली गोष्ट आधी लिहितो: अँटेना जोडल्याशिवाय माइकचं बटण दाबायचं नाही. बाहेर पडायला वाट न मिळालेली शक्ती आउटपुट ट्रान्झिस्टरवर उलटते आणि तो जळतो. इतक्या जुन्या सेटचा ट्रान्झिस्टर आज शोधत बसावा लागतो.

वीज गाडीच्या बॅटरीवरून थेट घे. लाल तार धनावर, फ्यूज बॅटरीजवळ, आणि तोही सेटच्या मागच्या पट्टीवर लिहिला असेल तेवढ्याच ॲम्पियरचा. तारा उलट्या लागल्या की आतला संरक्षक डायोड फ्यूज उडवतो. अशा वेळी वैतागून मोठा फ्यूज घातला की डायोड आणि बोर्डावरची तांब्याची पट्टी दोन्ही जातात. जुने सेट ‘मेले’ ते बहुतेक असेच. लायटरच्या सॉकेटचा मोह टाळ. तिथला संपर्क ढिला असतो आणि शेजारी लावलेला मोबाइलचा चार्जर रेडिओत खरखर ओततो.

सेट पेटला पण आवाज नाही? उघडण्याआधी तीन गोष्टी बघ. सीबी-पीए बटण पीएवर (लाउडस्पीकरच्या बाजूला) तर नाही ना? पीएवर सेट फक्त भोंग्याचं काम करतो. माइकचा प्लग पूर्ण बसलाय ना? बऱ्याच सेटमध्ये ऐकण्याचं सर्किटही माइकच्या बटणातूनच पुरं होतं, माइक काढला की सेट मुका. आणि स्क्वेल्च, म्हणजे रिकाम्या चॅनेलची सळसळ दाबणारा नॉब, पूर्ण उलटा फिरवलास तर सळसळ यायला हवी. ती आली की सेट जिवंत आहे. नॉब फिरवताना करकर झाली तर आत काँटॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारून नॉब वीसेक वेळा फिरव. सतत घुमणारा आवाज येत असेल तर वीजपुरवठ्याचे कपॅसिटर सुकले असण्याचा संभव मोठा.

आता अँटेना. वेळ आणि पैसा दोन्ही इथेच घाल. २७ मेगाहर्ट्झची लहर सुमारे ११ मीटरची, म्हणून पाव लहरीची काठी पावणेतीन मीटरच्या आसपास येते. गाडीवर एवढी उंच काठी गैरसोयीची, म्हणून बुडाशी कॉइल घालून ती आखूड करतात. आखूड काठी चालते, पण कमी चॅनेलवर नीट जुळते आणि ताकदही थोडी खाते. अँटेनाचा दुसरा अर्धा भाग म्हणजे गाडीचा पत्रा, हे लोक विसरतात. छताच्या मधोमध चुंबकाचं बूड सर्वांत बरं. डिकीच्या कडेला पकड लावलीस तर तिचा स्क्रू रंग फोडून पत्र्याला भिडला पाहिजे. मल्टिमीटरने पकड आणि बॉडी यांच्यात जवळजवळ शून्य ओहम दिसेपर्यंत थांबू नकोस.

मग एसडब्ल्यूआर मीटर, म्हणजे अँटेनाकडून किती शक्ती उलट परतते ते दाखवणारा मीटर, सेट आणि केबल यांच्या मध्ये जोड. गाडी मोकळ्या जागी, दारं बंद, जवळ भिंत किंवा दुसरी गाडी नको. चॅनेल १, २० आणि ४० वर मोज. १ वर आकडा जास्त असेल तर काठी आखूड आहे, लांब कर; ४० वर जास्त असेल तर लांब आहे, अर्धा सेंटिमीटर आत घे आणि पुन्हा मोज. दीडच्या आत आला तर उत्तम, दोनपर्यंत चालेल. तिन्ही चॅनेलवर तीनच्या वर असेल तर काठीला हात लावू नकोस, दोष केबलमध्ये किंवा गाडीच्या पत्र्याशी असलेल्या जोडणीत आहे. केबलच्या टोकाच्या पीएल-२५९ प्लगचं सोल्डरिंग कच्चं राहिलं की हेच होतं. ‘केबल १८ फुटांचीच हवी’ असं तुला दहा जण सांगतील. एकच अँटेना नीट जुळवलेली असेल तर लांबीने काही बिघडत नाही.

शक्तीचा विचार मनातून काढ. अमेरिकेत एएमला ४ वॅटची मर्यादा आहे. १०० वॅटचा बेकायदा ॲम्प्लिफायर लावून समोरच्याच्या मीटरची सुई दोन-सव्वादोन घरं पुढे जाते, तुझं ऐकणं मात्र तसूभरही सुधारत नाही. सीबीचा गळा ज्यांनी घोटला त्यांत हे ओरडणारे होतेच.

आणि मूळ गोष्ट ओरडण्याची नव्हती, हे तुला कळावं म्हणून लिहितो. १९७३ च्या तेलटंचाईनंतर अमेरिकेत ताशी ५५ मैलांची मर्यादा आली. कुठल्या पंपावर डिझेल आहे, पुढे पोलीस कुठे उभा आहे, हे ट्रकवाले चॅनेल १९ वर एकमेकांना सांगू लागले. नाव-पत्ता नाही, फक्त टोपणनाव, म्हणजे ‘हँडल’. अध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्डसुद्धा ‘फर्स्ट मामा’ या हँडलने बोलत. चॅनेल ९ संकटासाठी राखीव, आणि १९६२ मध्ये सुरू झालेल्या ‘रिॲक्ट’ संस्थेचे स्वयंसेवक तो ऐकत बसत. अनोळखी माणूस अनोळखी माणसाला रस्ता सांगतो, आणि तो खरा असतो. हे पाहून आजही मन भरून येतं.

मग चॅनेल गच्च भरले. १९७९ च्या आसपास सौरडागांचा भर आला, तेव्हा हजारो मैलांवरचे आवाज आयनमंडलावरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून, परतून कानावर आदळू लागले आणि शेजारच्या गावातला माणूस ऐकू येईना. १९८३ मध्ये परवान्याची अट गेली. पुढे मोबाइल आला, नकाशाचं ॲप आलं, आणि ट्रकमधला सेट गप्प झाला.

सुट्टीत हा सेट भारतात आणू नकोस. इथे २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झचा पट्टा परवान्याविना खुला आहे, पण ५ वॅटपर्यंत आणि सेटमध्येच बसवलेल्या अँटेनासाठी. तुझ्या सेटचे २८ ते ४० चॅनेल या पट्ट्याबाहेर पडतात, शिवाय छतावरची काठी नियमात बसत नाही.

पहिले काही दिवस नुसतं ऐक. आंतरराज्य महामार्ग ८० जवळ असेल तर सकाळी चॅनेल १९ लाव, स्क्वेल्च सळसळ नुकती थांबेल इतकाच. माइक तोंडापासून चार बोटं लांब, थोडा तिरका धर. तोंडाला चिकटवलास की आवाज फाटतो. ‘ब्रेक वन-नाइन’ (१९ वर मला बोलायला जागा द्या) म्हण आणि बटण सोड. जागा मिळाली की ‘रेडिओ चेक’ माग, म्हणजे माझा आवाज कसा येतोय ते विचार, तू कुठल्या मैलाच्या खुणेजवळ आहेस ते सांग, आणि पुन्हा सोड. गाडी-ते-गाडी सपाटीवर पाच-आठ किलोमीटर गेलं तरी पुष्कळ. उत्तर आलं नाही तर लगेच पुन्हा हाक मारू नकोस, दहा मिनिटं जाऊ दे.

तिन्ही चॅनेलचे एसडब्ल्यूआरचे आकडे आणि अँटेना गाडीवर कुठे बसवलीस त्याचा फोटो मला पाठव. तोवर मोजण्यापुरतं सोडून बटण दाबू नकोस.

तुझा,
एक जुना ऐकणारा