अकरा महिन्यांचा हिशेब

ताई, यजमानांना बावन्नाव्या वर्षी पार्किन्सन्स, तुम्हाला बर्मिंगहॅमला नोकरी, आणि तुम्ही विचारलंय की तिकडे न्यूरॉलॉजिस्टसाठी किती थांबावं लागतं. व्हिसा, त्याच्यासोबत भरायचा हेल्थ सरचार्ज, उपचार १८ आठवड्यांत सुरू करायचं उद्दिष्ट, हे सगळं सरकारी साइटवर आहे. आमच्या ह्यांना अकरा महिने लागले.

पुण्यात कसं, सकाळी फोन करायचा, संध्याकाळी फाइल मांडीवर घेऊन बसायचं. इथे आधी जीपी, म्हणजे आपला फॅमिली डॉक्टर. तो स्पेशालिस्टला पत्र लिहिणार. पार्किन्सन्सचा नुसता संशय असेल तर गोळी सुरू न करताच पुढे पाठवायचं, असा इथला नियम. त्यामुळे ते अकरा महिने ह्यांच्या शर्टाची बटणं मी लावत होते. तुमचं निदान झालेलं आहे, हे एका अर्थी बरं. डॉक्टरांकडून टाइप केलेलं पत्र आणा. त्यात 'सिंडोपा' हे आपल्याकडचं ब्रँडचं नाव नको, लेव्होडोपा-कार्बिडोपा असं औषधाचं नाव लिहून घ्या, मिलिग्रॅम आणि वेळांसकट. ते दाखवलं की स्पेशालिस्टची भेट होईपर्यंत जीपी गोळ्या चालू ठेवू शकतो. एकदा आत शिरलात की पार्किन्सन्स नर्सचा नंबर मागून घ्या. आमची नर्स म्हणजे देवमाणूस.

आणि हो, इंग्लंडमध्ये मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्याला प्रिस्क्रिप्शनचे पैसे माफ, पार्किन्सन्सवाल्याने मात्र साठीपर्यंत भरायचे. स्कॉटलंड-वेल्समध्ये सगळ्यांनाच फुकट. याचा राग माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही.

एकटेपणाचं विचारलंत. येतो. हीटर लावायचा, आईला फोन करायचा, झोपायचं.

आता अकरा महिन्यांचं. सगळ्यांना मी सांगते की पहिलं पत्र पोचलंच नाही. ताई, पत्र आलं होतं. सप्टेंबरात जीपीने स्पेशालिस्टला लिहिलं आणि जानेवारीत क्लिनिकचं पत्र आलं, फेब्रुवारीची तारीख देणारं. हे ऑफिसात होते, मी उघडलं. वर क्लिनिकच्या नावातच पार्किन्सन्स छापलेलं. मुलाची जीसीएसई, म्हणजे इथली दहावीसारखी परीक्षा, तोंडावर होती. म्हटलं, परीक्षा होऊ दे, मग बघू. आणि लाटण्याच्या ड्रॉवरमध्ये, खाली घातलेल्या कागदाखाली सरकवलं.

मार्चमध्ये दुसरं पत्र आलं, ते ह्यांनीच उघडलं: हजर राहिला नाहीत, सबब नाव कमी केलं आहे, पुन्हा जीपीकडे जा. परत रांगेच्या शेपटाला. भेट झाली ऑगस्टात. म्हणजे अकरातले सहा महिने माझे.

हे अजून टपालवाल्यालाच शिव्या देतात.