मा लाँगची बॅट नको, त्याचे पाय बघ

प्रिय मित्रा,

चीनचा टेबल टेनिसपटू मा लाँग याच्यासारखीच बॅट मागवू का, असं तू विचारलंस. नको मागवूस. त्याच्या फोरहँडला, म्हणजे तळहाताच्या बाजूने मारायच्या फटक्याला, डीएचएस या चिनी कंपनीचा हरिकेन ३ नावाचा रबर आहे, खाली निळा स्पंज असलेला, कडक आणि चिकट. हा रबर आपणहून चेंडू फेकत नाही. जोर आधी पायातून, मग कमरेतून आणि शेवटी हातात आला तरच तो चालतो. तुझ्या वयाला हाताला तेवढा वेग नसतो. मग चेंडू नेटमध्ये पडतो, तो वर काढायला मुलं खांद्याने ओढतात आणि खांदा धरतो. रबराखालची लाकडी पाटी पाच थरांची, ८५ ग्रॅमच्या आसपास, दोन्ही बाजूंना मध्यम स्पंजचे २ मिमी रबर. सध्या एवढं पुरे. आणि रबरला बूस्टर, म्हणजे तो जास्त उसळावा म्हणून लावतात ते द्रव, लावू नकोस, ते नियमात बसत नाही.

घेण्यासारखं आहे ते त्याच्या कारकिर्दीतून घे. जन्म १९८८, ल्याओनिंग प्रांतातलं आनशान. बॅट हातात आली पाचव्या वर्षी, आणि २००६ मध्ये तो चीनच्या जगज्जेत्या संघात होता. पण एकेरीत २००९, २०११ आणि २०१३ या तिन्ही जागतिक स्पर्धांत तो उपांत्य फेरीत हरला, तिन्ही वेळा चीनच्याच वांग हाओकडून. २००८ च्या ऑलिम्पिकमध्ये पुरुष एकेरीची तिन्ही पदकं चीनने नेली होती. त्यानंतर एका देशाला एकेरीत दोनच जागा मिळू लागल्या. २०१२ ला लंडनमध्ये त्या झांग जिके आणि वांग हाओ यांना गेल्या, मा लाँग फक्त सांघिक खेळला. एकेरीचं पहिलं जागतिक विजेतेपद २०१५ चं, सुझोऊमध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी. पुढे २०१७ आणि २०१९ लाही तोच जिंकला, रिओ आणि टोकियो ऑलिम्पिकचं एकेरीचं सुवर्णही त्याचंच. ऑलिम्पिकची एकूण सहा सुवर्णं.

एवढी वर्षं थांबता येतं, कारण तिकडे पाठीशी व्यवस्था असते. क्रीडाशाळा, मग प्रांताचा संघ, मग राष्ट्रीय दुसरा संघ, मग पहिला. प्रांताच्या संघात खेळाडूचा खर्च आणि प्रशिक्षक संघच बघतो. तरीही बहुतेकांची वाट प्रांतातच संपते. कुणी प्रशिक्षक होतो, कुणी परदेशी लीग गाठतो, कुणी सरावाचा जोडीदार म्हणून परदेशी खेळाडूंची शैली हुबेहूब उतरवून संघाला देतो. तुझ्यामागे असा प्रांत नाही. म्हणून दहावी सोडून दिवसभर सराव करायचा तुझा विचार मला मुळीच पटत नाही. रोजचे दोन तास नेमके वापरले तर पुष्कळ होतं.

त्यातली पहिली वीस मिनिटं सर्व्हिसला दे. तळहात उघडा, चेंडू किमान १६ सेंमी सरळ वर, अंगाआड लपवायचा नाही. चेंडू खाली येऊ दे आणि साधारण नेटच्या उंचीवर मार. छातीपाशी मारलास तर तो उंच उडतो आणि समोरचा थेट ठोकतो. बॅकस्पिनसाठी, म्हणजे चेंडूला उलटी फिरकी द्यायला, बॅटच्या टोकाने चेंडूचा तळ घासायचा. स्पिन नसलेल्या सर्व्हिसला हात तसाच फिरवायचा, फक्त चेंडू मुठीजवळच्या भागावर घ्यायचा. दोन्हींत हात वेगळा दिसला तर फसवणूक संपली. कुणी अडवलं नाही तर चेंडूने पलीकडे दोन टप्पे घ्यावेत, दुसरा टेबलाच्या कडेजवळ. एकच टप्पा घेऊन बाहेर गेला तर सर्व्हिस लांब पडली.

यानंतर शॉर्ट रिसीव्ह, म्हणजे समोरच्याची आखूड सर्व्हिस हलक्या स्पर्शाने नेटजवळच परतवणं. मा लाँगचा फोरहँड सगळे बघतात, पण त्याआधीचा हा हलका स्पर्श कुणी बघत नाही. माझ्या मते त्याचा अर्धा खेळ तिथेच आहे. उजवा पाय टेबलाखाली जातो, मूठ सैल असते, चेंडू टप्पा घेऊन वर येत असतानाच बॅट लागते. उशीर झाला की चेंडू लांब जातो. नुसता हात पुढे केलास तर अंग वाकतं आणि पुढच्या चेंडूला तू अडकतोस. म्हणून पाय पुढे नेण्याइतकंच त्याच पायाने ढकलून मागे येणं घोटून घे.

मल्टिबॉलमध्ये, म्हणजे कुणीतरी एकामागून एक चेंडू टाकत राहतो त्या सरावात, प्रत्येक फेरीला पन्नास-साठ चेंडू: एक बॅकहँड कोपऱ्यात, एक मधे, एक लांब फोरहँडला. पाय थांबून फक्त हात पोहोचू लागला की फेरी तिथेच संपव, मग चाळीसच झाले असले तरी चालेल. थकलेल्या पायांनी मारलेले चेंडू चुकीची सवय लावतात. आणि गुडघे जप. २०१९ मध्ये मा लाँगला गुडघ्याची शस्त्रक्रिया करावी लागली होती. सिमेंटवर सराव असेल तर चांगल्या सोलचे बूट आधी घे, नवा रबर नंतर.

टोकियोची एकेरीची अंतिम लढत, चीनच्याच फान झेंडाँगविरुद्धची, पुन्हा बघ, पण या वेळी चेंडू सोडून फक्त मा लाँगचे पाय बघ. आणि तुझ्या सर्व्हिसचा व्हिडिओ पाठव: मोबाईल बाजूला, नेटच्या उंचीवर ठेवून, दहा बॅकस्पिनच्या आणि दहा बिनस्पिनच्या. कुठली कोणती ते सांगू नकोस, मी ओळखून कळवतो.

तुझा,
काका