मानेच्या डॉपलरमधले टक्के कसे वाचायचे?

वडिलांच्या मानेच्या डॉपलरमध्ये रत्नागिरीत ६० टक्के अडथळा आला. महिनाभराने मुंबईत सीटी अँजिओ (औषध टोचून काढलेलं नसांचं सीटी चित्र) केली, तर ७५. खरं कुठलं धरू? (देवगड)

दोन्ही खरे असू शकतात. डॉपलर म्हणजे एक प्रकारची सोनोग्राफी. तो टक्के मोजत नाही, मेंदूकडे जाणाऱ्या मानेतल्या नसेतला रक्ताचा वेग मोजतो. पावसाळ्यात साकवाखाली व्हाळ अरुंद होतो, तिथे पाणी कसं धावतं ते तुम्ही पाहिलंच असेल. नसेतही तसंच. सर्वाधिक वेग सेकंदाला १२५ सेंमीच्या आत असला तर अडथळा ५० टक्क्यांहून कमी, १२५ ते २३० असला तर ५० ते ६९, त्याच्या वर ७० किंवा अधिक. अमेरिकेतल्या रेडिओलॉजिस्टांनी २००३ साली छापलेल्या या मर्यादा आजही खूप ठिकाणी वापरतात. म्हणजे तुमचे ६० हा त्या पट्ट्यातला अंदाज आहे.

मानेवर टेकवायच्या प्रोबचा, म्हणजे यंत्राच्या टोकाचा, कोनही सांभाळावा लागतो. पडद्यावरची छोटी रेघ नसेला समांतर लावायची आणि कोन ६० अंशांच्या वर जाऊ द्यायचा नाही, नाहीतर जराशा चुकीने वेग भलताच येतो.

शिवाय टक्के कशाच्या तुलनेत काढले? पुढच्या निरोगी नळीशी तुलना केली की ६० येतात. नस त्या जागी मुळात फुगीर असते, त्या मूळ रुंदीशी केली की तोच अडथळा ७५ च्या आसपास जातो. दोन्ही रिपोर्ट एकाच डॉक्टरांसमोर ठेवा आणि पद्धत विचारा.

आईचा वेग फक्त ९०, तरी डॉक्टर तातडीने सीटी अँजिओ सांगतात. का? (मालवण)

कारण साकव दगडांनी जवळजवळ बुजला की पाणी धावत नाही, झिरपतं. नस बंद होत आली की वेग उलट पडतो. अशा वेळी नुसत्या आकड्यावर विसंबणं धोक्याचं. चित्रात नळी किती उरली ते बघायलाच हवं. डॉक्टरांचं ऐका.

मला चक्कर येते. डॉपलर करून घेऊ? (चिपळूण)

नुसत्या चक्करेसाठी सहसा नको. पण एका डोळ्यापुढे काही मिनिटं पडदा आला, हात लुळा पडला, जीभ जड झाली, तर ते आपोआप बरं झालं तरी त्याच दिवशी इस्पितळ गाठा. मखर बांधताना हातातली सुतळी गळून पडलेले एक आजोबा "गणपती झाले की बघू" म्हणत थांबले, आणि माझ्याकडे आले ते अर्धं अंग गेल्यावर. ७० टक्क्यांच्या वर अडथळा असला, तर शस्त्रक्रियेचा सर्वाधिक फायदा अशा झटक्यानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत होतो.