विमानातून ‘डीप्लेन’ होणे म्हणजे काय?

प्रश्न : विमान थांबल्यावर इंग्रजी उद्‌घोषणेत ‘डीप्लेन’ हा शब्द ऐकू येतो. त्याचा नेमका अर्थ काय? मराठीत त्यासाठी ‘विमानातून पायउतार होणे’ असे लिहिणे योग्य ठरेल का?

उत्तर : ‘डीप्लेन’ म्हणजे विमानातून उतरणे. आगगाडीतून उतरण्यासाठी ‘डीट्रेन’ हे क्रियापद इंग्रजीत एकोणिसाव्या शतकातच रूढ झाले होते. १९२०च्या दशकात त्याच धर्तीवर हा शब्द घडला. ‘डिसएम्बार्क’ त्याहून पुष्कळ जुना आणि मुळात जहाजातून उतरण्याचा असला, तरी विमानतळावर आज दोन्ही शब्द एकाच अर्थाने चालतात.

मराठीत ‘उतरणे’ पुरेसे आहे. मात्र विमानही उतरते आणि प्रवासीही उतरतात, म्हणून ‘विमानातून’ हा शब्द गाळू नये. धावपट्टीला चाके टेकल्यापासून दार उघडेपर्यंत बराच वेळ जाऊ शकतो, त्यामुळे ‘पाहुणे दहा वाजता उतरले’ एवढेच लिहिले, तर त्या वेळी विमान जमिनीवर आले की पाहुणे बाहेर पडले, हे कळत नाही. ‘उतरले’ऐवजी ‘उतरवण्यात आले’ असे लिहिताना तर अधिक जपावे, कारण त्यातून बिघाड, तपासणी किंवा गैरवर्तन अशा काही कारणाने प्रवाशांना खाली उतरावे लागले, असा बोध होतो.

‘पायउतार होणे’ टाळावे, असे माझे स्पष्ट मत आहे. वाहनावरून खाली उतरणे हा त्याचा जुना अर्थ खरा, पण पद किंवा सत्ता सोडणे हा अर्थ आता इतका पक्का झाला आहे की ‘मंत्री विमानातून पायउतार झाले’ हे वाक्य वाचताना राजीनाम्याचीच आठवण होते.

‘डीप्लेन’ आणि ‘इव्हॅक्युएट’ यांची गल्लत मात्र मुळीच होऊ देऊ नये. पहिल्यात प्रवासी आपले सामान घेऊन, रांगेने, जिन्यावरून किंवा जोडपुलावरून बाहेर पडतात. दुसऱ्यात जीव वाचवण्यासाठी सामान जागीच सोडून, बहुधा फुगवलेल्या घसरगुंडीवरून, तत्काळ बाहेर पडायचे असते. चव्वेचाळीसपेक्षा अधिक आसनांच्या विमानाला मान्यता देताना, निम्मीच दारे वापरून सर्वांना ९० सेकंदांत बाहेर काढता येते, हे सिद्ध करावे लागते. अशा प्रसंगाच्या बातमीत ‘प्रवासी उतरले’ असे न लिहिता ‘विमान तातडीने रिकामे करण्यात आले’ असे लिहावे.