फायबर तुटल्यावर ४० सेकंद कशाला थांबायचं?

भाऊ, चामोर्शी रोडवर जेसीबी लागला की फायबर आज ना उद्या तुटणारच, हे धरूनच चाल. ओएसपीएफचे (राउटर एकमेकांना रस्ते सांगतात तो प्रोटोकॉल) टायमर जसेच्या तसे ठेवलेस तर हॅलो, म्हणजे ‘मी जिवंत आहे’ हा निरोप, दर १० सेकंदांनी; आणि डेड, म्हणजे निरोप आला नाही तर शेजारी गेला असं धरायची मुदत, ४० सेकंदांची. लिंक सरळ डाऊन दिसली तर ठीक. पण मधे मीडिया कन्व्हर्टर (फायबरला तांब्याच्या केबलशी जोडणारा डबा) असला की पोर्टचा दिवा हिरवाच राहतो आणि राउटर बसतो वाट पाहत. म्हणून आधी बीएफडी (समोरचा जिवंत आहे का हे झटपट तपासणारा प्रोटोकॉल) लाव: दर ५० मिलिसेकंदांनी एक पॅकेट, तीन चुकले की १५० मध्ये खबर. रेडिओ लिंकवर एवढी घाई नको, पावसात उगाच वर-खाली होत राहील.

मग एलएफए, म्हणजे लिंक तुटताच पॅकेट ज्याच्याकडे वळवायचं तो आधीच हेरून ठेवलेला शेजारी राउटर. शेजाऱ्याचं मुक्कामापर्यंतचं अंतर (ओएसपीएफच्या हिशोबातलं) हे त्याचं आपल्यापर्यंतचं अधिक आपलं मुक्कामापर्यंतचं, या बेरजेपेक्षा कमी हवं. नाहीतर तो पॅकेट परत आपल्याच गळ्यात मारतो. तालुक्यांच्या रिंगमध्ये बरेचदा हेच होतं, तेव्हा तिथे रिमोट एलएफए, म्हणजे शेजाऱ्याच्या पलीकडचा दूरचा राउटर गाठायची सोय, चालू कर.

आणि नकाशावर दोन रेषा दिसल्या म्हणून खूश होऊ नको बाप्पा. वैनगंगेच्या पुलावर दोन्ही केबल एकाच पाइपातून तर नाही ना गेल्या, ते गाडी काढून स्वतः पाहून ये.